गोधडीखालचा फोन

"हां रूपाली, बोल. कळ सलग येतीय का थांबून थांबून... हॅलो? हॅलो!"

आईनं फोन कानापासून दूर धरला. पडदा काळा ठिक्कर!

"पुन्हा गेला!" राजनंदिनी ओरडली. "मघाशी तर चाळीस टक्के होता!"

आईनं चपला पायात सरकवल्या, पदर डोक्यावर ओढला आणि भर उन्हात रूपालीकाकूच्या घराकडं निघाली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं पार करपला होता. "अजून वेळ आहे तिला," एवढंच म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावून तिथंच भिंतीला टेकली.

राजनंदिनीची आई, साधना, वडीगोद्रीतली आशाताई. गावात कुणाच्या घरी पाळणा हलायचा असला की पहिला फोन तिलाच यायचा. जुना फोन फुटला म्हणून तिनं हायवेवरच्या भागवतच्या दुकानातून हा वापरलेला फोन घेतला आणि तेव्हापासून तिची झोपच उडाली. फोन कधी मरून पडेल याचा नेम नाही. मग पुन्हा पुन्हा उठायचं आणि तो जिवंत आहे ना ते बघायचं! तान्ह्या लेकरालासुद्धा कुणी इतकं जपत नसेल. आत्ताही भाकरीचा घास तिच्या हातातच होता आणि मान कलंडली होती.

राजनंदिनीनं ताट हळूच बाजूला घेतलं. "आई, झोप ना गं नीट."

"रूपालीचा फोन आला तर?" आई डोळे न उघडताच म्हणाली.

जालन्याहून सुट्टीला आलेला मावसभाऊ आदिनाथ कूलरसमोर हातपाय पसरून पडला होता. आल्यापासून त्यानं दुसरं काहीच केलं नव्हतं. पण आता तो उठून बसला.

"दे बघू तो फोन इकडं."

त्यानं फोन पालथा धरून पाहिला, मग गुळगुळीत फरशीवर ठेवला आणि बोटानं टिचकी मारली. गर्रर्र! फोन भिंगरीसारखा फिरला!

"अय्या!" शेजारची मीना हसायला लागली. "सपाट वस्तू कधी अशी फिरते होय?"

"सपाट आहेच कुठं? पाठ फुगलीय त्याची! आमच्या गल्लीतल्या एका दादाचा फोन असाच फिरायचा. बॅटरी फुगली होती. नंदे, चार्जर काढून ठेव आधी. आणि फोन दाबू नका कुणी!"

राजनंदिनीला एकदम काहीतरी आठवलं. "हा फोन काचेवर बोट ठेवलं की उघडतो म्हणे. आईचं बोट एकदाही लागलं नाही. तर भागवतकाका काय म्हणाले माहितीय? 'भांडी घासून घासून ठसे झिजलेत ताईंचे!'"

"असं? मग माझं बोट नोंदवून बघ." मीनानं बोट टेकवलं. काही नाही. आदिनाथनं अंगठा पुसून पुसून लावला. काही नाही.

"याचेही ठसे झिजलेत का गं?" मीना म्हणाली. "यानं तर आयुष्यात ताटलीसुद्धा घासलेली नाही!"

"मावशी, हा पडदाही अस्सल नाही," आदिनाथ हळू आवाजात म्हणाला. "दुकानात चल."

"जाऊ दे रे राजा. भागवतनं तोंडभरून सांगितलंय, सगळं ओरिजनल. आता हुज्जत घालायचं त्राण नाही माझ्यात."

"आमच्यात आहे!" राजनंदिनी म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला बघवत नव्हती.

शेजारच्या कांताबाईंचा बटणाचा फोन तेवढ्या वेळापुरता मागून घेतला. आईचं सिमकार्ड त्यात घातलं आणि तो तिच्या उशाशी ठेवला. मग तिघं टॉवेल डोक्याला गुंडाळून निघाले.

हायवेवर डांबर नुसतं रसरसत होतं. दुकानात भागवत पंख्याखाली पेंगत होता. दाराशी बाजेवर त्याचे वडील तातेराव सुपारी कातरत बसले होते. उमेदीत त्यांनी बैलांचा व्यापार केला होता. गुडघे दुखायला लागल्यापासून बाज हाच त्यांचा बाजार!

"भागवतकाका, या फोनचा पडदा बदललाय आणि बॅटरी फुगलीय," राजनंदिनी एका दमात बोलून गेली.

"काय बोलून राह्यली पोरी? बिलकुल ओरिजनल माल हाय!" भागवतनं फोन चालू करून उन्हात धरला. "बघ, कसा लखलखून राह्यला! जा घरी, ऊन लागंल."

"उन्हात नाही, अंधारात दिसेल ते," आदिनाथ म्हणाला. "काका, याच मॉडेलचा नवा फोन आहे ना तुमच्या काचेच्या कपाटात? तो द्या जरा."

"अंधार? आता दुपारच्याला अंधार कुठून आणू रे बाबा?"

मीनाची नजर बाजेच्या पायथ्याशी घडी घातलेल्या गोधडीवर गेली.

"आबा, तुमची गोधडी घेऊ?"

"मे महिन्यात गोधडी!" तातेराव खो खो हसले. "घ्या, घ्या. शिजून निघा चांगले!"

भागवतनं कुरकुरत कपाटातला नवा फोन काढून दिला. आदिनाथनं दोन्ही फोनवर एकच पूर्ण काळं चित्र लावलं. तिन्ही पोरांनी गोधडी डोक्यावर घेतली आणि भागवतलाही हाताला धरून आत ओढलं. आत नुसती भट्टी! घामाच्या धारा लागल्या.

"माझा पाय तुडवला कुणी?" "शूऽऽ!" "आता नीट बघा, काका!"

नवा फोन अंधारात पार विरघळून गेला होता. तो कुठं आहे तेसुद्धा कळेना. आईच्या फोनचा चौकोन मात्र राखाडी, मळकट चमकत होता.

"अस्सल पडद्यात ठिपक्याठिपक्याला स्वतःचा दिवा असतो," आदिनाथ धापा टाकत म्हणाला. "काळं दाखवायचं तर दिवाच बंद. स्वस्तातल्या पडद्याला मागून एकच दिवा, तो काळ्यातूनही झिरपतो. म्हणून तर बोट लागत नाही. ते वाचणारं यंत्र काचेखाली आहे, त्याला या पडद्यातून बोटच दिसत नाही!"

"सरका रे पोरांनो, मला बी बघू द्या!" बाहेरून तातेरावांचा आवाज आला. त्यांनी गोधडीत डोकं घातलं, बराच वेळ पाहिलं आणि बाहेर येऊन अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "भागवता, पाठ खोल त्याची."

भागवतनं फोन बंद केला आणि जपून मागचं झाकण काढलं. आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली! वर कुठल्याच कंपनीचं नाव नाही!

"खोड सांगितली व्हती का साधनाला?" तातेरावांनी विचारलं.

"नाना, आता हे काय बैलाचं..."

"खोड सांगितली व्हती का?"

भागवत खाली बघायला लागला. तातेराव पोरांकडं वळले. "बैल इकताना आधी खोड सांगायची. मारका हाय का, नांगराला बसतो का, सम्दं. सांगून इकला तर घेणाऱ्याची जोखीम. झाकून इकला तर बैल आपल्या दावणीला परत येतो, अन् बाजारात कुणी रामराम बी घालत न्हाई."

"पण मलाच म्हाइत नव्हतं! लॉट घेतल्ता मी. चालू करून पाह्यला, रंग बराबर दिसले, इकला."

"म्हाइत नव्हतं, तर ओरिजनल कशावरून म्हणला? दात न बघता बैल घेतला अन् वर दोंदा, तरणाताठा म्हणून इकला!"

भागवतचा चेहरा लालबुंद झाला. उन्हानं नव्हे, खासच! "चुकलं, नाना," तो पुटपुटला. त्यानं त्याच किमतीचा दुसरा वापरलेला फोन पुढं केला. पोरांनी लगेच हात लावला नाही. आधी तो काचेच्या कपाटावर ठेवून टिचकी मारली. फोन जागचा हलला नाही. मीनाचं बोट नोंदवलं, टेकताच लागलं. आणि मग पुन्हा सगळे गोधडीत! फोन अंधारात नाहीसा झाला.

"शाब्बास!" तातेराव म्हणाले. "माझ्या वक्ताला बाजारात असते, तर तुम्हाला संगं घेऊनच हिंडलो असतो. भागवता, ही गोधडी आता दुकानातच ऱ्हाईल. गिऱ्हाइकाआधी तू डोकं घालायचं!"

घरी पोचेपर्यंत तिघांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या होत्या. आईनं सगळं ऐकून घेतलं. बदलून आणलेल्या फोनमध्ये सिमकार्ड घातलं, त्यात तिचं बोट नोंदवलं. बोट टेकताच कुलूप उघडलं आणि ती नुसती बोटाकडं बघत राहिली.

"झिजले नाहीत गं ठसे," राजनंदिनी म्हणाली.

आईनं तिला जवळ ओढलं. फोन बाजूला ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ती निवांत आडवी झाली. इतकी गाढ झोपली की दारावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली तरी हलली नाही. मीना धावत बाहेर गेली आणि हातवारे करून तिनं त्याला पुढं पिटाळलं. आदिनाथनं कुल्फीकडं बघून एक दीर्घ सुस्कारा सोडला.

ऊन कलल्यावर फोन खणखणला. रूपालीकाकूच्या घरचा! राजनंदिनीचा हात क्षणभर अडला. मग तिनं आईच्या खांद्याला हलवलं.

आई उठली, शांतपणे बोलली, शेवटपर्यंत बोलली. "अँब्युलन्सला सांगते. निघालेच मी." तिनं तोंडावर पाणी मारलं, पिशवी उचलली. दारात थांबून तिनं तिघांकडं पाहिलं.

"छान झोप झाली रे पोरांनो," ती म्हणाली आणि भराभर चालू लागली.