न चुकणारा प्रतिदेह

नांदेडच्या त्या बाल अतिदक्षता विभागात आता सलाईन आधी प्रतिदेहाला मिळे, मग मुलाला. प्रतिदेह म्हणजे मुलाची नाडी, रक्तदाब आणि तपासण्या यांवरून संगणकाने उभे केलेले त्याचे दुसरे शरीर. सलाईन कमी पडले तर रक्तदाब ढासळतो, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून आधी तिथे सोडून पाहायचे. पडद्यावर 'द्या' आले तर द्यायचे, 'थांबा' आले की हात मागे. विभागाचा तो रिवाजच झाला होता. प्रतिदेहाचे जनक डॉ. कंधारकर यांना त्याचे पोटच्या पोराइतके कौतुक होते.

चार वर्षांची अक्षरा जंतुसंसर्गामुळे शॉकमध्ये गेली होती; रक्तदाब पार खाली. हातपाय गार, लघवी बंद, रक्तदाब वाढवणारी औषधे चालू असूनही सुधारणा नाही. पडद्यावर 'थांबा' उमटले.

"सर, हिचं यकृत वाढलेलं नाही, छातीही स्वच्छ आहे. पाणी जास्त झाल्याची एकही खूण नाही," कंधारकरांची सहकारी डॉ. मेधा सोनकांबळे म्हणाली. "थोडं सलाईन ही पेलेल."

"प्रतिदेहाची फुप्फुसं भरलीत, मेधा. आणि 'थांबा' सांगताना तो आजवर एकदाही चुकलेला नाही."

"ते कसं ठरवलं?"

"प्रत्येक मुलाचं पुढे काय झालं ते तो ताडून बघतो. 'थांबा' म्हटलेली बहुतेक मुलं गेलीच. म्हणजे ती सलाईनने वाचणारी नव्हती. आणि जी वाचली, त्यांना ते लागलंच नाही."

"पण त्यांना आपण सलाईन दिलंच नाही, सर. मग चूक दिसणार कुठून?"

कंधारकरांनी पडद्यावरचे 'थांबा' पुन्हा वाचले. परिषदांत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"दे," ते शेवटी म्हणाले. "पण थोडं थोडं. दर वेळी छाती तपासून."

मेधाला भीती वाटत होती. आपला अंदाज चुकला तर पोरीचा श्वास आपणच कोंडणार, हे तिला ठाऊक होते. थोडे सलाईन सोडून ती छाती ऐके, यकृत चाचपे, मग पुढचे सोडी. छाती स्वच्छच राहिली. संध्याकाळपर्यंत अक्षराचे तळपाय कोमट झाले आणि पिशवीत लघवी उतरू लागली. मेधाला रडू आले, आणि तिने ते लपवलेही नाही.

अक्षराची आई कांचन आत आली. लेकीचे पाय चाचपून तिने कंधारकरांना हात जोडले. मग जरा घुटमळली.

"साहेब, गेल्या महिन्यात माझ्या जावेचं लेकरू इथंच गेलं. त्याला बी असंच झालं होतं. हिला दिलं ते सलाईन त्याला का दिलं नव्हतं?"

कंधारकरांना ते लेकरू चांगले आठवत होते. त्याच्या नावापुढे प्रतिदेहाने 'अंदाज बरोबर' अशी नोंद केली होती.