सुरयांचं बेट

“कुत्रं! बेटावर कुत्रं!” निनाद ओरडला आणि त्याने दुर्बीण ताईच्या हातात कोंबली.

मंजूषाने पाहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावात वाळूचं एक बेट उघडं पडायचं. तिथे नदी सुरय पक्ष्यांनी वाळूत खळगे करून अंडी घातली होती. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे ते पक्षी कर्कश ओरडत कुत्र्यावर झेपा घालत होते. कुत्र्याने खुशाल एक अंडं फोडलं!

परीक्षा संपल्यापासून भोपाळच्या अवधपुरी वस्तीतली ही भावंडं आणि शेजारचा केशव रोज सकाळी अच्युतमामांच्या गाडीतून शहराबाहेरच्या या तलावावर फिरायला येत.

“पण ते गेलं कसं?” केशव म्हणाला. “अंग बघ, कोरडं ठणठणीत! पोहून गेलं असतं तर ओलं नसतं झालं?”

तिघं काठाकाठाने धावत सुटले. वळणापलीकडे बाभळींच्या आडोशाला उत्तर सापडलं. मुरमाने भरलेल्या गोण्यांची रांग थेट बेटापर्यंत गेली होती! काठावर उष्ट्या पत्रावळी, बिर्याणीची हाडकं आणि प्लास्टिकच्या फुलांची कमान पडली होती.

“लग्नाआधीचं शूटिंग!” मंजूषा चिडली. “यांनी चक्क पूल बांधला आणि उष्ट्याच्या वासाने कुत्रं आलं!”

मामांनी वनरक्षकांना फोन लावला. “निघालेत, पण वेळ लागेल.”

“तोवर एक अंडं उरणार नाही!” केशवने डब्यातली पोळी काढली. “यू, यू! ये राजा!”

कुत्रं शेपूट हलवत काठावर आलं. मामांनी त्याला धरून ठेवलं आणि मुलं गुडघाभर पाण्यात उतरली. गोण्या हलेनात! मग निनादने त्यांची तोंडंच सोडली. मुरूम ओतून गोण्या रिकाम्या केल्या, उरलेला ढीग हातांनी उपसला. पुलाला मधोमध खिंडार पडलं आणि पाणी खळखळत आरपार गेलं!

इतक्यात एक गाडी आली. कॅमेरेवाला, त्याची माणसं आणि नटलेली नवरी उतरली.

“अरे, ये क्या कर दिया?” कॅमेरेवाला कडाडला. “बोरियाँ वापस रखो!”

“नहीं रखेंगे!” मंजूषा जागची हलली नाही. तिने दुर्बीण नवरीपुढे धरली. “दीदी, आप देखिए ना.”

नवरी बघू लागली. एक सुरय पाण्याला पोट टेकवून उडाला आणि ओल्या पोटानेच अंड्यांवर बसला.

“ऐसे अंडे ठंडे रखते हैं,” मंजूषा म्हणाली. “आप वहाँ रहेंगी तो ये बैठेंगे नहीं. धूप में अंडे पक जाएँगे!”

नवरीने दुर्बीण खाली केली. “भैया, मुझे उस टापू पर फोटो नहीं चाहिए.”

“लेकिन मॅडम...”

“नहीं मतलब नहीं!”

“हुर्रे!” निनादने पाण्यातच उडी मारली.

वनरक्षकांची जीप आली तेव्हा कॅमेरेवाल्याचा चढा आवाज पार खाली आला होता. वनरक्षकांनी त्याच्याच माणसांकडून एकेक गोणी उचलून घेतली, काठही झाडून घेतला.

मग ते चिखलाने माखलेल्या तिघांकडे वळले. “इस साल यहाँ जितने बच्चे उड़ेंगे, सब तुम्हारे!” ते म्हणाले आणि त्यांनी तिघांना कडक सलाम ठोकला.

मामांची छाती फुगली. “आणि ही तिन्ही पाखरं आमची बरं का!” ते मराठीतच म्हणाले.

बेटावरचा कलकलाट थांबला होता. सगळे सुरय आपापल्या अंड्यांवर बसले होते.