हवेत ठेवलेला दगड

ऊर्मी दगडी भिंतीच्या मागे उभी होती. काजळी नावाच्या प्राण्याने फेकलेला भाला भिंतीच्या पलीकडून निघून गेला, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही क्षणभराने पडदा राखाडी झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: 'ऊर्मी बाद'.

भाला लागलाच नाही, तर ती मेली कशी?

ऊर्मी गावंडे बारा वर्षांची होती आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कौमुदी वसाहतीत राहत होती. तिचे आईबाबा तिथे जमिनीखालचा बर्फ काढायच्या कामावर होते. ऊर्मीचं मन मात्र 'एकजीव'मध्ये असायचं. 'एकजीव' ही एक वेबमालिका होती. आठ खेळाडू एकाच संगणकी जगात उतरायचे. प्रत्येकाला जीव एकच. त्या जगात मेला, तो त्या हंगामापुरता कायमचा बाद. पुन्हा सुरुवात नाही, दुसरी संधी नाही. गुहांमधून निघणाऱ्या काजळ्यांना चुकवत आठांपैकी एकाने तरी शिखरावर पोचायचं आणि तिथला दिवा लावायचा, एवढंच ध्येय. खेळाडूंना दगड कुठेही, अगदी हवेतही ठेवता यायचे. चार हंगाम झाले होते आणि दिवा एकदाही लागला नव्हता.

दर शुक्रवारी प्रत्येक खेळाडू आपापला भाग प्रसिद्ध करायचा. म्हणजे एकच घटना आठ जणांच्या नजरेतून बघायला मिळायची. ऊर्मी आठही बघायची. कोल्हापूरची कादंबरी तिची सगळ्यांत लाडकी. तिसऱ्या हंगामात दरीत अडकलेल्या शेळीसाठी कादंबरी मागे फिरली आणि बाद झाली, तेव्हा ऊर्मी दोन दिवस नीट जेवली नव्हती. आईला वाटलं होतं, पोरीला ताप आला.

पाचव्या हंगामासाठी चाहत्यांतून एक खेळाडू निवडायचा होता. ऊर्मीचं नाव निघालं. सगळी वसाहत आनंदली, पण त्यात एक काळजी होती. याआधी चंद्रावरचे दोन खेळाडू घेतले होते आणि दोघेही पहिल्याच भागात बाद झाले होते. या वेळीही तसंच झालं तर पुन्हा चंद्रावरून कुणाला घेणार नाही, असं आयोजकांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि आता सरावाच्या जगात ऊर्मी भिंतीआड उभी राहूनही मेली होती.

ती तडक वीणाआत्याकडे गेली. वीणाआत्या वसाहतीच्या संदेशकेंद्रात शास्त्रज्ञ होती. पृथ्वीशी होणारं सगळं बोलणं तिच्या अँटेनांमधून जायचं. तिने ऊर्मीचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू भिंतीमागे गेलीस, हे कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं. माझ्या पडद्यावर."

"तुझ्या पडद्यावर. पण खेळाचं खरं जग कुठे आहे?"

ते पुण्यातल्या सर्व्हरमध्ये (सगळ्या खेळाडूंच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या मुख्य संगणकात) होतं. मग आत्याने तिला एकेक पायरी समजावली. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातात. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्याहून वेगाने विश्वात काहीच जात नाही. चंद्र आणि पृथ्वी यांच्यात पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटर अंतर. म्हणजे पुण्याहून निघालेलं चित्र इथे यायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त लागतं, आणि ऊर्मीने दाबलेलं बटण पुण्याला कळायलाही तेवढंच. दोन्ही मिळून अडीच सेकंदांहून थोडं अधिक. याला विलंब (संदेश जाण्यायेण्यात जाणारा वेळ) म्हणतात.

"तुला भाला दिसला तोच शिळा," आत्या म्हणाली. "तू पळालीस ती इथे. पुण्यातली ऊर्मी अजून जागच्या जागीच उभी होती. भाला तिला लागला."

विलंब कमी करणारं यंत्र बनवता येईल का, असं ऊर्मीने विचारलं. आत्याने मान हलवली. यंत्रांमुळे होणारा उशीर कमी करता येतो, अंतरामुळे होणारा नाही. ऊर्मीचे डोळे भरून आले. तिने नाव मागे घ्यायचं मनाशी ठरवूनही टाकलं.

आत्याने कपाटातून एक चेंडू काढला आणि टेबलाखालून घरंगळत सोडला. टेबलाला खालपर्यंत कापड लावलेलं होतं, त्यामुळे चेंडू दिसेनासा झाला. तो जिथून बाहेर येईल तिथे हात ठेव, असं तिने सांगितलं. ऊर्मीने हात ठेवला आणि चेंडू अलगद तिच्या तळव्यात आला.

"चेंडू दिसत नव्हता, तरी पकडलास," आत्या म्हणाली. "याला पूर्वानुमान म्हणायचं. आतापर्यंत काय घडलं त्यावरून पुढे काय घडेल, याचा बांधलेला अंदाज. दूरच्या दरीतल्या खोदयंत्रांना जाणारे संदेश पृथ्वीवरून फिरून जातात, ती यंत्रं मी अशीच चालवते. यंत्र आता जिथे दिसतंय तिथला हुकूम मी देत नाही. हुकूम पोचेल तेव्हा ते जिथे असेल तिथला देते."

ऊर्मी सरावाला लागली. काजळ्या तर चेंडूसारख्याच निघाल्या, ठरलेल्या वाटेने येणाऱ्या. त्यांचा अंदाज तिला लवकर जमला. भाला दिसण्याआधी ती भिंतीमागे जाऊ लागली. माणसांचा अंदाज कसा बांधायचा, हे आत्यालाही सांगता येईना. माणूस वाटेल तिकडे वळतो, ती म्हणाली.

पण ऊर्मीला उत्तर माहीत होतं. चार हंगाम, आठ आठ खेळाडू, एकूण एक भाग. झुबेर हातातलं काही पडलं की पळता पळता ते उचलायला मागे फिरतोच. कादंबरी कोंडीत सापडली की लढत नाही, डावीकडे उडी मारते. हे तिने मुद्दाम पाठ केलं नव्हतं. आवडीने पाहता पाहता ते तिच्यात साठलं होतं. लोक म्हणायचे, किती वेळ घालवतेस त्या मालिकेत. तो वेळच आता तिची माहिती होती.

हंगाम सुरू झाला. सगळ्यांनी तिला मागे राहून चमूसाठी धान्याची शेती करायला सांगितलं. तिने ती केली आणि पहिला भाग सुखरूप पार पडला. पुढे एका गुहेत तिने झुबेर येईल त्या वाटेवर आधीच आडोशाचा दगड ठेवला. झुबेर नेमका दुसऱ्या बाजूने आला आणि त्याच दगडामागे कोंडला गेला. तो कसाबसा वाचला. पुन्हा माझ्या वाटेत काही ठेवू नकोस, असं त्याने तिला खडसावलं. ऊर्मी फार खजील झाली. आत्याने तिला एवढंच सांगितलं की, अंदाज जितका लांबचा, तितकी चूक मोठी. म्हणून अंदाज थोड्या वेळाचाच बांधायचा आणि तो चुकला तरी निभावेल अशी सोय ठेवायची. तेव्हापासून ऊर्मी आडोसा उभारला की त्याला मागून एक वाट मोकळी सोडू लागली.

शेवटच्या भागात तिघंच उरले: कादंबरी, झुबेर आणि ऊर्मी. शिखर समोर होतं. मध्ये खोल दरी आणि तिच्यावर लाकडी पूल. झुबेर आणि ऊर्मी पलीकडे पोचले. दिव्याची वात कादंबरीकडे होती. ती पुलाच्या मध्यावर असताना तिच्या दोन्ही बाजूंनी काजळ्या चढून आल्या.

ऊर्मीच्या पडद्यावर कादंबरी नुकती वळत होती. ओरडून सांगायला वेळ नव्हता, आवाजही उशिराच पोचला असता. ऊर्मीने कादंबरीकडे पाहिलंच नाही. पुलाच्या डावीकडे, रिकाम्या हवेत, तिने एक दगड ठेवला. त्याला लागून दुसरा.

मग तिच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. पडद्यावर काजळ्या पुलावर झेपावल्या. कादंबरीने डावीकडे उडी मारली. खाली दरी होती. तिचा पाय दगडावर पडला, ती डगमगली, दुसऱ्या दगडावर सावरली आणि तिथून झेप घेऊन पलीकडच्या कड्यावर आली.

"इथे दगड कधी आला?" तिने विचारलं. "मी उडी मारायच्या आधीच होता."

"तू डावीकडेच उडी मारतेस, कादंबरीताई," ऊर्मी म्हणाली. "नेहमी."

पुढे बराच वेळ तिकडून फक्त हसण्याचा आवाज येत राहिला. मग झुबेरने विचारलं की पुढची वाट कुठून आहे, आणि या वेळी तो ऊर्मीच्या मागून चालला. तिघांनी मिळून वात लावली. पाच हंगामांत पहिल्यांदा शिखरावर उजेड झाला. त्या शुक्रवारी कौमुदीच्या जेवणघरात मोठ्या पडद्यासमोर जमलेली सगळी वसाहत टाळ्या वाजवत उभी राहिली. चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे बाबांनी आनंदाने मारलेली उडी थेट छताला जाऊन टेकली.

सहाव्या हंगामासाठी चाहत्यांमधून खेळाडू निवडायचं काम आयोजकांनी ऊर्मीवरच सोपवलं. आलेल्या निरोपांत एक फार लांबचा होता. मंगळाकडे निघालेल्या यानातली रुजुता नावाची मुलगी विचारत होती की, माझा निरोप पृथ्वीवर पोचायला सहा मिनिटं लागतात, तरी मला खेळता येईल का.

ऊर्मीने बराच विचार केला. कोण कुठे उडी मारेल, हे इतक्या आधी कुणालाच सांगता येणार नाही. पण चमू उद्या कुठल्या दरीशी येईल, तिथे पूल लागेल, धान्य लागेल, हे सांगता येईल. तेच काम रुजुताचं. उद्या मंगळावर घरं बांधणाऱ्यांनाही असंच पुढचं बघून काम करावं लागेल. तिने सगळं सविस्तर लिहिलं, 'येशील का?' असं शेवटी विचारलं आणि निरोप पाठवून दिला.

उत्तर यायला बारा मिनिटं तरी लागणार होती. ऊर्मी थांबली नाही. तिने नव्या चमूत रुजुताचं नाव लिहून टाकलं.