दहापैकी एक

फुटपट्टीने जांभईला दहापैकी एक गुण दिला आणि मग ती त्याच्या प्रेमात पडली. पण यातलं काहीच घडलेलं नाही असं आपण धरून चालू. पाकीट अजून बंद आहे.

ती फुटपट्टी, कारण ती समाससुद्धा मोजून आखायची. तो जांभई, कारण हजेरीला तो तेवढंच द्यायचा. चिठ्ठ्या टाकून चौघांचा गट पडला. आठवड्याभरात एकाने कॉलेज सोडलं, एकीने विषय. उरली ही दोघं आणि पाच किलो वजन पेलू शकेल असा पुठ्ठ्याचा एक पूल, जो अजून बांधायचा होता. शेवटी दोघांनी एकमेकांना गुपचूप गुण द्यायचे. पाचाच्या खाली जाईल त्याने पुढच्या वर्षी पुन्हा पूल बांधायचा.

शेवटी म्हणजे शेवटी. पण फुटपट्टीला वेळेवर केलेलं कामही उशिराचं वाटायचं. तिने तिसऱ्याच आठवड्यात फॉर्म भरला. 'एक. शेरा: याच्यापेक्षा खुर्चीने जास्त भार उचलला.' पाकीट सरांच्या कुलूपबंद पेटीत टाकलं आणि समाधानाने डबा खाल्ला.

पाचव्या आठवड्यात तिचा अंगठा कापला. जांभईने कटर काढून घेतलं.

"मी कापतो. तू बघू नकोस, तुला सोसणार नाही."

"एक मिलिमीटर जरी चुकलास ना—"

"तर मी गेल्यावर तू उखडशील. पहिल्या आठवड्यातले माझे सगळे खांब बदललेस. कळत नाही का मला?"

तिचे कान तापले. "ते... वाकडे होते."

"म्हणून मग जांभया दिल्या. दुसरं काही देऊच देत नव्हतीस."

त्या दिवशी त्याचा एक वाकडा खांब तसाच राहिला. गोंद वाळेपर्यंत सांधा दोघांनी धरायचा असतो. पाच मिनिटं पुरतात. यांनी चाळीस धरला... खोलीत गोंदाचा वास, आणि बोटाला टेकलेलं बोट.

पुलाने सात किलो पेलले. "उद्या पेटी उघडतो," सर म्हणाले. फुटपट्टीने जांभईला बाहेर गाठलं.

"मी तुला एक दिलाय," जिन्यात ती म्हणाली. "तेव्हाच. तिसऱ्या आठवड्यात."

"शून्य का नाही?"

"...तू छान हसतोस. त्याचा एक."

तो तसाच हसला. "मी तुला दहा दिलेत. त्याच दिवशी, तुझ्या मागोमाग. शेरा: 'काम करू देत नाही, तरी पुन्हा हीच हवी.'"

"पण माझ्या एकामुळे तू नापास होशील रे, वेड्या!"

"हो. पण मला कुठे घाई आहे?"

तिला मात्र घाई होती. तिथेच पायरीवर बसून, समास आखून, तिने लिहिलं:

'महोदय, माझे पाकीट न उघडता परत मिळावे. ते नियमात बसत नसल्यास मला दहापैकी दहा असूनही नापास करून पुढील वर्षी याच गटात ठेवावे. खांब बदलणार नाही, अशी हमी देते. त्यापुढील सर्व वर्षांसाठीही हाच अर्ज ग्राह्य धरावा, ही नम्र विनंती.'