उतरत्या छतात भरलेला भुगा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही पदरचं नाही. माझ्या धाकट्या मामांच्या बाबतीत घडलंय. गेल्या हिवाळ्यात, मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता.

थंडी आत येऊ नये म्हणून मामा जुन्या घरांच्या छतात कागदाचा भुगा भरतात. त्या दिवशी काम होतं त्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. वरच्या खोलीचं छत उतरतं. फळ्या आणि कौलांच्या मध्ये जेमतेम वीतभर पोकळी. तिथे हात जात नाही, म्हणून फळीला भोक पाडायचं आणि पाइपने भुगा सोडायचा. यंत्र खाली अंगणात, त्यावर मामांचा जोडीदार.

वाशांमधले चार कप्पे भरून झाले. पाचव्यात पाइप घातला...

आणि आत कुणीतरी खोकलं.

मांजर अडकलं असेल, म्हणून मामांनी फळीला कान लावला.

"दादा... पुरे. तोंडात जातंय."

बाईचा आवाज.

"बंद कर! आधी यंत्र बंद कर!" मामा खिडकीतून ओरडले.

यंत्र थांबलं.

खोकला थांबेना...

मामांनी पहार घातली. एक फळी उचकटली. दुसरी. खोकला खाली खाली सरकत गेला. छत भिंतीला टेकतं त्या सांदीत, जिथे काही केल्या हात पोचत नाही.

"दम धरा ताई, काढतो तुम्हाला!"

शेवटची फळी निघाली, तेव्हा...

सगळं शांत.

आत नुसता भुगा. माणूस सोडा, तान्हं मूलही तिथे मावलं नसतं. पण भुग्यात मुठीएवढा एक खळगा होता. मामांनी त्यात बोट घातलं.

ओलसर. आणि कोमट.

दारात घरमालकीण शिक्षिका बाई उभ्या होत्या.

"तुमच्याशीही बोलली ना?" त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षं ऐकतेय मी. दोनदा छत उघडलं. कुणी सापडत नाही हो. मला फक्त झोप हवीय, मिस्त्री. भरून टाका."

मामा नाही म्हणाले. बाई हात जोडून रडायला लागल्या.

मामांनी फळ्या परत ठोकल्या. पाइप घातला.

या वेळी आतून हूं की चूं नाही.

"ओरडली असती तर थांबलो असतो रे," मामा अजून म्हणतात.

"निघून गेली असेल, मामा."

ते मान हलवतात.

"आतून पाइप धरला होता तिने. ओढत नव्हती... नुसता धरून होती. कप्पा भरेपर्यंत."