न्हाणीतली ओल

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नळदुर्गात प्यायच्या पाण्याचे हाल होते, आणि पार्वतम्माच्या न्हाणीला बुरशी धरली होती.

हसावं की रडावं, तिला कळेना. घरातल्या आंघोळी कधीच्या बंद झाल्या होत्या. तरी मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, काळपट हिरवे ठिपके उठले. तिनं ते काथ्यानं खरवडले, चुन्यात मोरचूद कालवून फासलं. ठिपके चुन्यातून वर आले. फिनेल झालं, राख झाली. दिवसभर दार सताड उघडं टाकून तिनं झळा आत घेतल्या. अंगणातली जमीन भेगाळली. भिंत मात्र घामेजलेलीच.

तिचा नवरा कल्याणप्पा सोसायटीचा सेक्रेटरी. गल्लीतलं टँकरचं पाणी त्याच्या देखरेखीखाली वाटलं जायचं. त्यामुळं ही ओल नुसती ओल राहिली नाही. शेजारची बनाबाई विस्तव मागायला आली आणि न्हाणीकडं बघून विस्तव न घेताच परत गेली. दुसऱ्या दिवशी बायकांनी पार्वतम्माची घागर रांगेतून बाजूला सारली.

"आमची लेकरं घोटाघोटानं पितेत," बनाबाई म्हणाली, "अन् तुज्या भिंतीला शेवाळ."

पार्वतम्मानं शपथा घेतल्या, रिकामा रांजण दाखवला. कुणी ऐकून घेतलं नाही.

शेवटी कल्याणप्पानं गवंडी आणला. त्यानं गिलावा पाडला. आतले दगड कोरडे ठणठणीत, धूळ उडाली. गिलाव्याचा तुकडाही मागून कोरडा आणि पुढून तेवढा ओला. बघता बघता उघड्या दगडांवर थेंब फुटले. गवंड्यानं हात लावला आणि चटकन मागं घेतला. भिंत कोमट होती. नवा गिलावा न करताच तो निघून गेला.

उन्हानं तापली असेल, असं कल्याणप्पा म्हणाला. त्या भिंतीला ऊन कधी लागतच नव्हतं.

मग शिकेकाईचा वास यायला लागला.

कल्याणप्पा मीटिंगला उस्मानाबादला गेला, त्या दिवशी पार्वतम्मा टँकरवरून पुन्हा रिकामी घागर घेऊन परतली. न्हाणीत दगडावरून पाणी ओघळत होतं. ती बघत राहिली. मग तिचा ताबाच सुटला.

"पुरं झालं न्हाणं," ती भिंतीला म्हणाली, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. "गावाला प्यायला न्हाय. उठा आता. बाहेर या."

ओघळ थांबला.

दिवस कलायच्या आत भिंत खडखडीत वाळली. पार्वतम्मानं बनाबाईला हाताला धरून आणलं. बनाबाईनं दगड चाचपले, नखानं खरवडून पाहिले. तिचा चेहरा निवळला. उद्या माझ्यापुढं उभी राहा, असं ती आपण होऊन म्हणाली. पार्वतम्माला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

जाता जाता बनाबाई माजघरात थबकली.

"तुजा मालक तर गावाला गेलाय ना?"

"व्हय."

"मग न्हालं कोण?"

दोरीवर कल्याणप्पाचा पंचा होता. ओला.

पार्वतम्मा जवळ गेली. पंचा पिळून, झटकून, काठाला काठ जुळवून वाळत घातला होता. तसा काठ जुळवायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती.