झुंबरबाईंच्या गाण्यांची चोरी

"झुंबरबाईंची गाणी चोरीला गेली! लवकर या," रुपचंदभाऊंचा फोन आला, तेव्हा रतिलाल सर कॉम्प्युटरचे वर्ग आटोपून नुकतेच टेकले होते. पुन्हा उठायचं अगदी जिवावर आलं होतं. तरी गेले.

१९९९चा दसरा नुकताच झाला होता. रुपचंदभाऊंच्या धुळ्यातल्या स्टुडिओत अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी निघत. काल शिरपूरकडच्या झुंबरबाई गाऊन गेल्या आणि आज कॉम्प्युटरवरच्या फाइलीत नुसती शांतता होती.

रुपचंदभाऊ दारातच सांगू लागले, "हिलालनेच गाणी जळगावच्या कॅसेटवाल्याला विकली आणि ही मुकी फाइल ठेवली. त्याच्या बापासमोर चोर म्हणून हाकललं. आता पोलिसांत देतो."

रेकॉर्डिंग करणारा हिलाल बाहेर पायरीवर बसला होता. सरांना त्याच्याकडे बघवेना.

"काल तुला आवाज ऐकू येत होता?"

"हेडफोनमा बठ्ठं ऐकू येत व्हतं सर. हेडफोन मिक्सरले जोडेल शे."

"आणि दसऱ्याला कुठे होतास?"

"गावले, बापना घर."

सरांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली. आत एकसारखी दोन साउंड कार्डं होती. मिक्सरमधून येणारी माइकची वायर पांढऱ्या खुणेच्या कार्डात होती. दोन्ही कार्डांवर कुंकू होतं.

"पेटी कोणी उघडली होती?"

"मीच. शस्त्रपूजेला नुसतं वरवर कुंकू लावून कसं भागेल? कार्डं काढली, पुसली, पूजा करून परत बसवली."

"मग पडद्यावर काही आलं?"

"नवीन वस्तू सापडली म्हणे. दसऱ्याला नवीन वस्तू! मी लगेच होय केलं."

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"भाऊ, कार्डांच्या जागा बदलल्या. तुम्ही वायर खूण बघून लावली, पण कॉम्प्युटर खूण बघत नाही. त्याने नव्याने मोजलं आणि खुणेचं कार्ड दुसरं ठरवलं. रेकॉर्डिंग पहिल्यावरच लावलेलं. तिथे माइकच नव्हता. हिलालला ऐकू आलं ते थेट मिक्सरमधून."

त्यांनी माइकवर टिचकी मारली. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. दुसरं कार्ड निवडून पुन्हा मारली. रेघ उसळली.

"मग गाणी कुठे गेली?"

"गेली कुठेच नाहीत. ती रेकॉर्डच झाली नाहीत. चोर कोणी नाही. हात तुमचाच."

रुपचंदभाऊ उठले. मग दाराशी जाऊन म्हणाले, "हिलाल, झालं गेलं सोडून दे. उद्यापासून ये."

हिलाल उठला. 

"मना बापना म्होरे माले चोर म्हनात, भाऊ. आते बापना म्होरेच सांगा."

रुपचंदभाऊ सरांकडे बघू लागले. सरांनी मान फिरवली.